इंजिन खाली घेताना

रविवार, १६ फेब्रुवारी. सकाळचे साडेनऊ. आजचं काम: तुम्ही टांगून ठेवलेलं इंजिन खाली घेणं.

तुमचे दोस्त रफिकभाई दहाला येतो म्हणालेत, म्हणजे अकरा. तेवढ्या वेळात हे लिहून काढते. मला लिहायची सवय नाही. बावीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवतेय, त्यात जे लिहिलं ते फळ्यावर आणि प्रगतिपुस्तकात. पण पोर्चमध्ये खुर्ची टाकून त्या इंजिनाकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं.

चौदा दिवस ते हवेत आहे. तुम्ही उभी केलेली तीन पायांची लोखंडी घोडी, तिच्या माथ्याला चेन पुली, आणि साखळीला गिअरबॉक्ससकट लटकलेलं इंजिन. खाली माझ्या अण्णांची पद्मिनी गाडी, बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, तोंड वासून उभी. या चौदा दिवसांत दीडदोनशे माणसं घरी येऊन गेली. सगळी त्या इंजिनाच्या कडेनं अंग चोरून आत आली आणि तशीच बाहेर गेली. तुमच्या एका चुलतभावानं त्याला हार घालू या म्हटलं. मी म्हटलं, नको, आधीच जड आहे. जलदान विधीच्या दिवशी तीन जणांनी इंजिन आणि माणसाचं काळीज यावर भाषण केलं. तिघांनाही चहा दिला. ते मी इथं लिहिणार नाही. इंजिन हे इंजिन असतं.

मला भीती त्या घोडीच्या डाव्या पायाची आहे. तुम्ही तो पेव्हर ब्लॉकवर ठेवलात. खालची माती भुसभुशीत आहे, नळाची पाइप घालताना ती उकरली होती, हे तुम्हाला माहीत होतं. पाचव्या दिवशी मला तो पाय जरा आत गेल्यासारखा वाटला. मी फरशीच्या पातळीला पायावर खडूनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी रेघ अर्धी दिसेना. मग वर दुसरी मारली. आज सकाळी तिसरी मारून आलेय. पुलीचं गणित मी दरवर्षी सातवीला शिकवते, भार, बल, आधार सगळं. पण फळ्यावरच्या पुलीचा पाय खचत नाही.

प्लॅस्टिकच्या खुर्च्या भोवतीनं लावून ठेवल्यात. शेजारच्या पोरांचा चेंडू तिकडं गेला की मी धावत बाहेर येते. काल एक चेंडू गाडीखाली गेला, तो मी स्वतः झाडूनं काढून दिला. मग पोरांना ओरडले.

दुसरी भीती आहे ती तुम्हाला आधी सांगते, कारण आणखी कुणाला सांगितलेली नाही. त्या रविवारी काय झालं असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं: कुकरच्या शिट्टीत मला काही ऐकू आलं नाही. डॉक्टरांना हे सांगितलं, तुमच्या भावांना सांगितलं, आपल्या लेकीला सांगितलं. ते खोटं आहे. गॅसवर कुकर नव्हता. मला ऐकू आलं होतं.

आर्या उद्या सकाळच्या बसनं पुण्याला जाते आहे. त्याआधी तिला हे सांगायचं. दोन्ही कामं आजची.

*

गाडीवरून आपलं भांडण कुठं थांबलं होतं, ते आठवतं का? ब्रेकवर.

गाडी माझ्या वडिलांची. हुपरीच्या शाळेत हेडमास्तर असताना त्यांनी ती एका डॉक्टरांकडून घेतली होती. तुम्ही मला बघायला आलात त्या दिवशी अण्णा तुम्हाला स्टँडवरून आणायला गेले आणि गाडी बाजारात बंद पडली. मी गच्चीवर उभी होते. बघायला आलेला मुलगा इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत दुमडून आमचीच गाडी ढकलत येताना मी पाहिला, आणि स्टेअरिंगवर अण्णा ताठ बसलेले. आत आल्यावर पोह्यांची बशी हातात घेण्याआधी तुम्ही म्हणालात, "सर, पॉइंट घासायला झाल्यात. कानस हाय का घरात?" हुपरीत घरोघरी चांदीचं काम, कानस शेजारच्याच घरातून आली. पैंजण घासायची ती कानस घेऊन तुम्ही अर्धा तास गाडीत डोकं घातलंत. माझ्याशी दोन वाक्यंसुद्धा बोलला नाहीत. अण्णा रात्री म्हणाले, पोरगा कामाचा आहे. मी म्हटलं, आहे, पण हात न धुता पोहे खाल्ले.

अण्णा गेल्यावर गाडी आपल्याकडे आली. मग ती दर पावसाळ्यात एकदा आणि दर उन्हाळ्यात दोनदा रुसायची. शेवटी पार्ट मिळेनासे झाले. गेल्या वर्षी तुम्ही फौंड्रीतून लवकर निवृत्ती घेतलीत आणि पहिल्याच आठवड्यात जाहीर केलंत, "हिच्यात जिप्सीचं इंजिन टाकतो. घरीच."

नवं इंजिन म्हणजे नवीन नव्हे. गाडीपेक्षा वीस वर्षांनी तरुण, एवढंच. पण ताकद जवळपास दुप्पट. मी तेव्हाच म्हटलं होतं, आधी आरटीओची परवानगी, मग ब्रेक, मग इंजिन. ओढायची ताकद दुप्पट करताय, थांबायची कोण करणार?

"थांबवायला तू हाईस की!"

हे तुमचं उत्तर. त्यावर रफिकभाई इतके हसले की त्यांच्या हातातला पाना खाली पडला. मी हसले नाही. तुम्हाला वाटलं मला विनोद कळला नाही. कळला होता. पण मला तो घाट आठवत होता.

गगनबावड्याचा घाट, कोकणातल्या त्या लग्नाला जाताना. आर्या मागं झोपलेली. चौथ्या-पाचव्या वळणाला ब्रेकचा पाय खाली गेला तो जरा जास्तच खाली गेला. तुम्ही काही बोलला नाहीत. गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली, शीळ घालायला लागलात. मी दोन्ही पाय समोरच्या पत्र्यावर असे रोवले होते, जणू माझ्या पायानंच गाडी थांबणार होती. समोरून ट्रक आला. तुम्ही शीळ थांबवली नाही. खाली पोहोचल्यावर चहाच्या टपरीसमोर गाडी हँडब्रेकवर थांबवलीत आणि म्हणालात, "भ्यालीस व्हय?"

मी म्हटलं, नाही.

मग तुम्ही कप धरला तेव्हा चहा बशीत सांडला. माझ्याकडे न बघता म्हणालात, "मी लई भ्यालतो."

शाळेत सगळ्या मला घाबरतात. मुख्याध्यापिकासुद्धा. मी आतून भित्री आहे हे फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हीही असता हे फक्त मला. तुम्ही कधी ते चारचौघांत वापरलं नाहीत. हे मी एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं. आज बोलते.

*

आता ते ऐकू आलेलं.

लिहायला सोपं जावं म्हणून आधी नावाची गोष्ट लिहिते. हे वाचणाऱ्या कुणाला माहीत नसेल. फौंड्रीत, गॅरेजात, जिथं जिथं साखळीनं ओझं वरखाली करतात तिथं दोन शब्द ओरडतात. वर घ्यायचं तर "हाबीस". खाली सोडायचं तर "आर्या". कुठून आले कुणास ठाऊक, बोटीवरच्या खलाशांचे आहेत म्हणतात. उद्यमनगरातल्या कारखान्यांत दिवसभर तेच चाललेलं असतं.

मला हे माहीत नव्हतं. मी पुस्तकात बघून मुलीचं नाव आर्या ठरवलं. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, चांगलं हाय. बारशाला रफिकभाई आले, नाव ऐकलं, आणि पाळण्याजवळच खाली बसले हसत.

"ओ वहिनी! पोरीचं नाव 'खाली सोड' ठेवलंसा व्हय?"

मी तुमच्याकडे बघितलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "दिवसातनं शंभरदा म्हणतोयच की मी ते. आता दरखेपेस पोरगी आठवंल."

बाईमाणसांपुढं एवढं बोललात, मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी नाव बदललं नाही.

पण त्याचा त्रास झालाच. तुम्ही घरी काही दुरुस्तीचं काम काढलं आणि "आर्या" म्हणालात की आतून पोर पळत यायची, "काय पप्पा?" सहा वर्षांची असताना अशीच पळत आली ती थेट लोंबत्या पंपाखाली. रफिकभाईंनी साखळी धरून ठेवली, तुम्ही तिला फ्रॉकला धरून ओढलीत. त्या दिवशी तुम्ही नियम केलात, पोरगी घरात असली की "आर्या" म्हणायचं नाही, "खाली" म्हणायचं. पोर्चच्या भिंतीवर खिळ्यानं कोरून ठेवलंत: खाली म्हणा. रंग दिला तरी ते अजून वाचता येतं.

ती पुण्याला नोकरीला गेल्यावर नियम सुटला. तुम्ही परत जुन्या शब्दावर आलात. मग मला आतून ऐकू आलं तरी मी बघायची नाही. पप्पा काहीतरी खाली सोडताहेत, एवढंच.

त्या रविवारी रफिकभाईंच्या पुतण्याचं गडहिंग्लजला लग्न होतं. मी म्हटलं, एकट्यानं टांगू नका. तुम्ही म्हटलंत, "नुसतं उचलून ठेवतोय. बसवायचं पुढच्या रविवारी." मी भाकरी थापत होते. बाहेर साखळीचा कडकड आवाज चालू होता. मग तो थांबला.

मग तुम्ही म्हणालात, "आर्या."

मी भाकरी उलटली.

मध्ये थोडा वेळ गेला. किती, ते मला सांगता येत नाही, आणि मी सेकंद मोजायला शिकवणारी बाई आहे. मग परत, जरा हळू: "आर्या."

मी आणखी तीन भाकऱ्या केल्या. तवा उतरवला. जेवायला हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून बाहेर आले. तुम्ही पुढच्या चाकाला टेकून बसला होतात. एक हात साखळीवर.

पोरगी पुण्यात होती. तुम्ही एकटे होतात. साखळी तुमच्याच हातात होती. मग "आर्या" कुणाला म्हणालात? स्वतःलाच, खाली सोडताना, सवयीनं? की पोरीला हाक मारलीत? की घरात जो कुणी असेल त्याला बोलवायला तेच नाव तोंडात आलं? इंजिन आधी किती उंच होतं हे मी बघून ठेवलं असतं तर कळलं असतं. बघितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, वेळेत आणलं असतं तरी उपयोग नव्हता. मी ऐकून घेतलं. नापास मुलीच्या आईशी मीही त्याच आवाजात बोलते.

मला तुम्ही वाचला असतात की नाही याची भीती वाटत नाही. त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. मला भीती याची वाटते की त्या वेळात तुम्ही भ्याला असाल, आणि या वेळी शीळ घालायला समोर कुणी नव्हतं.

रफिकभाईंची मोटरसायकल आली.

*

दुपारचे तीन. इंजिन खाली आलं. कसं ते लिहिते.

रफिकभाईंनी घोडीचा डावा पाय बघितला आणि टोपी काढून घाम पुसला. "वहिनी, ह्यो पाय बघितला असता तर मी दुसऱ्याच दिवशी आलो असतो. सांगितलं का न्हाईसा?"

मी म्हटलं, तुम्ही रडत होता.

"रडत रडत आलो असतो की!"

ते वाकून माती चाचपत राहिले. मग म्हणाले, ओझं असताना पाय हलवायचा नाही. गाडी मागं ढकलून जमिनीवर उतरवायचं तर वेळ जाणार, तेवढ्यात पाय आणखी बसणार. सरळ खाली, गाडीतच. तुमच्या एका भावानं इंजिन भंगारात विकायचं ठरवलं होतं, माझ्याशी न बोलताच. तो प्रश्न पायानं सोडवला.

आर्या ओढणी कमरेला बांधून बाहेर आली. मी म्हटलं, तू आत जा. ती म्हणाली, "मम्मी, पप्पांचं काम आहे. तू जा आत." रफिकभाई म्हणाले, दोघी थांबा, तीन माणसं लागतीलच. ते साखळीवर. मी पहार घेऊन गिअरबॉक्सच्या शेपटीकडे, ती वाकडी आली की ढकलायला. आर्यानं लांब उभं राहून फक्त घोडीचा पाय बघायचा आणि हलला की ओरडायचं. मी तिला दाराच्या उंबऱ्याशी उभं केलं आणि बजावलं, इथून पाऊल हलवायचं नाही.

साखळी कडकडली. चौदा दिवसांनी तो आवाज ऐकला. मी पहार दोन्ही हातांनी घट्ट धरली. इंजिन बोटभर खाली आलं. आणखी बोटभर. तुमच्या हाताचा ग्रीसचा ठसा त्याच्या कडेवर तसाच होता, माझ्या डोळ्यांसमोरून तो खाली जात होता. सगळं नीट चाललं होतं. रफिकभाई साखळीकडे बघत, तोंडातल्या तोंडात, तालात म्हणायला लागले, "आर्या... आर्या..."

"काय काका?" म्हणत ती आली. दोन पावलं. तीन.

"मागं हो!" मी ओरडले. असा आवाज मी शाळेतही कधी काढला नाही. त्याच क्षणी डाव्या पायाखालचा ब्लॉक मोडला. घोडी माझ्या बाजूला कलली, इंजिनानं झोका घेतला आणि डाव्या दिव्याची काच फुटली. काचा आर्याच्या चपलांपर्यंत आल्या. ती जिथं होती तिथंच दगडासारखी उभी. रफिकभाई साखळी दोन्ही हातांनी धरून खाली बसले होते. झोका लहान होत होत थांबला.

"ढकला वहिनी," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ. "आता भ्यायचं न्हाय. मागनं भ्या."

मी पहार लावली. शेपटी सरळ झाली. ते सोडत गेले, या वेळी एक शब्द न काढता. इंजिन गाडीच्या पोटात गेलं आणि बसलं.

तुम्ही माझ्या परीक्षेच्या पॅडचे पुठ्ठे कापून इंजिन गाडीला बोल्टनं बसवायच्या ज्या पट्ट्यांचे नमुने केले होते, त्या पट्ट्यांची चार भोकं. तीन जुळली, चौथं बोटभर बाजूला. रफिकभाईंनी त्या भोकात बोट घालून बघितलं. "विलासचं माप चुकलं?" मग त्यांनी पहार घालून इंजिन डावीकडं रेटलं, बोल्ट आपोआप आत गेला. "चुकलं न्हाय," ते म्हणाले. "पाय खचला म्हणून आपण वाकडं उतरवलं." आणि मग ते पत्र्यावर डोकं टेकून रडले. मी त्यांना पाणी दिलं. मी रडले नाही, मला काचा झाडायच्या होत्या.

आर्या हसत होती. घाबरल्यावर ती हसते, हे तुमचं. "काका, मला वाटलं मला बोलावलं."

"सवय गं पोरी. चुकलं माझं. आपोआप तोंडातनं येतंय."

मी केरसुणी थांबवली. "एकटे असलात तरी?"

"एकटा असलो तरी की. साखळीसंगट बोलत असतोय माणूस."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. काय कळलं, काय नाही, कोण जाणे. जेवून गेले.

म्हणजे मला हवं होतं ते उत्तर मिळालं. एकटा माणूससुद्धा म्हणतो. तुम्ही इंजिन खाली सोडत होता, साखळीशी बोलत होता, हाक मारलीच नव्हती. इथं हे लिहिणं बंद करता येईल. पण मी मुलींना शिकवते की हवं ते उत्तर पहिल्याच खेपेला मिळालं की प्रयोग परत करा. आणि त्या दोन शब्दांमध्ये वेळ गेला होता. रफिकभाईंचं "आर्या" साखळीच्या तालात होतं. तुमची साखळी तेव्हा थांबलेली होती.

*

संध्याकाळचे सात. सांगितलं नाही.

चार वाजता सांगणार होते. ती बॅग भरत होती. मी दारात उभी राहिले, ती म्हणाली काय गं, मी म्हटलं चटणी घेतलीस का. पाच वाजता तिनं तुमचं जुनं निळं जर्किन कपाटातून काढलं, नेऊ का म्हणाली. मी म्हटलं, ने. तेव्हा सांगता आलं असतं. मग मी वाल भिजत घातले.

भीती नेमकी कशाची ते लिहून बघते. ती विचारेल, मग तू गेली का नाहीस? या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते फार लहान आहे. भाकरी तव्यावर होती. इतकी वर्षं तुमच्यासोबत राहून, तुमच्या मनात काय चाललंय हे मला पायाच्या आवाजावरून कळायचं, आणि त्या दिवशी मी भाकरी उलटली.

दुसरी भीती याहून वाईट आहे. नाही सांगितलं तर ती कधीच विचारणार नाही. मी सत्तर वर्षांची होईन, ती दिवाळीला येईल, आणि मी कुकरची शिट्टी सांगत राहीन.

आणि एक. ब्रेकचं ठरलं. रफिकभाई पुढच्या महिन्यात पुढची चाकं उघडणार आहेत. डिस्क ब्रेक, नव्या पाइपा, मग परवानगीचा अर्ज, आणि त्यानंतरच किल्ली. तोवर किल्ली माझ्या पर्समध्ये. हे भांडण मी जिंकलं. समोर कुणी हरायला नाही, त्यामुळे त्यात मजा नाही. पण जिंकलं.

*

सोमवार. सकाळ.

बस साडेआठची. सहाला चहा ठेवला. ती अजून अंथरुणातच मोबाइल बघत होती. मी तिच्यासमोर उभं राहून सांगितलं, चार-पाच वाक्यांत. कुकर नव्हता. साखळी थांबली. पप्पा दोनदा "आर्या" म्हणाले. मला वाटलं इंजिन सोडताहेत. मी गेले नाही.

तिनं मोबाइल पालथा ठेवला.

"का गेली नाहीस?"

"भाकरी तव्यावर होती."

मला वाटलं आता ती उठेल आणि बॅग घेऊन निघून जाईल. मी तेवढ्यासाठी दारातून बाजूलासुद्धा झाले.

"कसं म्हणाले?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"हाक मारल्यासारखं, की काम करताना म्हणतात तसं?"

"मला नाही सांगता येत."

ती उठली. केस बांधले. तुमची लेक, पण असल्या वेळी माझ्यासारखी. "मग बघू या. मी स्वयंपाकघरात उभी राहते, तू होतीस तिथं. तू बाहेर जा. गाडीच्या चाकाजवळ बस. जसं म्हणाले तसंच म्हण. मोठ्यानं नको, बारीक नको. जसं होतं तसं."

मी म्हटलं, आर्या, हे काय पोरखेळ...

"मम्मी. जा."

मी गेले. पोर्चमध्ये अजून उजेड नीट आला नव्हता. घोडी काल उतरवून भिंतीकडे ठेवली होती, तिचा डावा पाय होता तिथं आता खचलेला एक चौकोनी खड्डा होता. मी पुढच्या चाकाशी बसले, पाठ टायरला लावली. तिथं बसल्यावर स्वयंपाकघराची खिडकी दिसत नाही, फक्त तिची खालची चौकट दिसते. हे मला माहीत नव्हतं. फरशी थंड होती.

मी म्हटलं, "आर्या."

आतून काही आवाज आला नाही. तुम्ही थांबला होतात तेवढं मी थांबले. मोजलं नाही. मग परत म्हटलं, तुमच्यासारखं, जरा हळू. "आर्या."

आणि आतून तिनं ओ दिली.